तळ्याभोवती गाड्या नसलेली खडीची सायकलवाट हवी आहे: कील्डरचा पूर्ण फेरा बाबांना झेपेल का?

ऋतुजा_लीड्स

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये माझे बाबा कराडहून दीड महिन्यासाठी इकडे येतायत. वय ६८, पण सायकल सुटलेली नाही. भाजी, बँक, शेतावरची चक्कर, सगळं अजून सायकलवरच. इथे मात्र गेल्या खेपेला त्यांची पंचाईत झाली. आमच्या घरामागचे रस्ते दिसायला सुंदर, पण दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं, रुंदी जेमतेम एका गाडीची आणि वेगमर्यादा ताशी ६० मैल. वळणावर समोरून गाडी आली की उतरून झुडपाला चिकटून उभं राहायचं. त्यांनी सायकल गॅरेजमध्ये लावली ती लावलीच. मला ते फार लागलं. या वेळी त्यांना एक तरी दिवस असा द्यायचाय की मागून हॉर्न नाही आणि समोरून गाडी नाही.

सोबत मी, नवरा आणि ११ वर्षांचा मुलगा. आम्हा दोघांकडे ग्रॅव्हल बाईक (खडीच्या वाटांवर चालणाऱ्या रुंद टायरच्या सायकली) आहेत, मुलाकडे साधी माउंटन बाईक. डोंगराळ मुलूख, मधे पाणी, आणि तळ्याला पूर्ण फेरी मारून निघालो तिथेच परत यायचं, असं काहीतरी मनात आहे. ऑफिसमध्ये एकीने नॉर्थंबरलँडमधलं कील्डर सुचवलं. फेरा ४२ किलोमीटरचा आहे म्हणे. एका दिवसात होईल का? कुठून सुरू करायचं, कुठल्या दिशेने? खायला काय मिळतं? टायर कसे लागतील?

आणि बाबांचा प्रश्न वेगळाच आहे. फोनवर पहिलं वाक्य हे: "तळं आहे का धरण?" त्यांचं आजोळ कोयनेच्या पाण्यात गेलं. धरण म्हटलं की खाली काय काय बुडालं, हे त्यांना आधी विचारायचं असतं. कोणाला माहीत असेल तर तेही लिहा.

प्रसाद_शेफील्ड

ऋतुजा, लीड्सहून कील्डर म्हणजे गाडीने तीन तास धरा. त्याआधी जवळची एक जागा सांगतो, बाबांच्या पायांचा अंदाज घ्यायला उत्तम: पीक डिस्ट्रिक्टमधलं अपर डर्वेंट खोरं. एकाखाली एक तीन धरणं आहेत: हाउडन, डर्वेंट आणि लेडीबोवर. फेअरहोम्सला गाडी लावायची आणि वरच्या दोन तळ्यांना वळसा घालून यायचं, साधारण १६ किलोमीटर. पश्चिमेच्या काठाने अरुंद डांबरी रस्ता आहे, तो फेअरहोम्सपासून वर किंग्ज ट्रीपर्यंत शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांना बंद असतो. म्हणून इथे मुद्दाम सुट्टीच्याच दिवशी जायचं. पूर्वेच्या काठाने परत येताना दगड-खडीची रुंद वाट आहे.

दोन्ही बाजू जिथे मिळतात तिथे स्लिपरी स्टोन्स नावाची जागा आहे आणि तिथे दगडी कमानीचा एक जुना पूल आहे. हा पूल मूळचा तिथला नाही. लेडीबोवरच्या पाण्याखाली डर्वेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावं गेली, त्यातल्या डर्वेंट गावातला हा पूल. बुडण्याआधी एकेका दगडावर नंबर घालून तो सोडवला आणि पुढे वर आणून पुन्हा बांधला. बाबांना दाखवाच. १९४३ मध्ये जर्मनीतल्या धरणांवर हल्ला करायला निघालेल्या वैमानिकांनी सरावही याच डर्वेंट धरणावर केला होता, मुलाला ते आवडेल.

फेअरहोम्सचं पार्किंग उन्हाच्या रविवारी सकाळी लवकर भरतं. नऊच्या आत पोहोचा.

सुलभा_हेक्सहॅम

ऋतुजा, तुला एकेरी लिहिते, माझ्या भाचीच्या वयाची असशील. प्रसाद म्हणतो ते डर्वेंट चांगलंच आहे, सरावाला जरूर जा. पण बाबांना जो दिवस द्यायचाय म्हणतेस, तो कील्डरला मिळेल. मी हेक्सहॅमला राहते, तिथून कील्डर तासाभराच्या आत-बाहेर. या वाटेवर मी सगळ्या ऋतूंत सायकल चालवली आहे. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी तिथे नेते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

वाटेचं नाव लेकसाइड वे. २६ मैल, म्हणजे तुझे ते ४२ किलोमीटर बरोबर आहेत. पायी, घोड्यावर आणि सायकलवर जाणाऱ्यांची ही वाट, मोटारीला तिथे जागाच नाही. पृष्ठभाग बारीक खडी दाबून बसवलेला. आपल्याकडे मुरमाचा रस्ता नुकताच रोलर फिरवून केलेला असतो ना, बराचसा तसा. काही वळणांवर खडी सुटून गोळा होते, तिथे उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, एवढं मुलाला आधी शिकवून ठेव.

आता दिशा, कारण सगळा दिवस तिच्यावर ठरतो. तळं आग्नेयेकडून वायव्येकडे लांबट पसरलंय. आग्नेय टोकाला धरणाची भिंत, वायव्य टोकाला कील्डर गाव. दक्षिण काठाला मोटाररस्ता आहे आणि त्याच्या जोडीने कॅफे, स्वच्छतागृहं, पार्किंग. उत्तर काठाला सार्वजनिक रस्ताच नाही. जंगल, पाणी आणि ही वाट. बहुतेक लोक दक्षिणेला लीपलिशला गाडी लावतात, तिथल्या तिथे थोडं पुढे जाऊन येतात, कॉफी पितात आणि कील्डर बघितलं म्हणतात. तसं करू नका. दक्षिण काठावर पाणी दिसतं, पण रस्त्यावरच्या गाड्याही अधूनमधून ऐकू येतात. गाड्यांशिवायचा दिवस हवा असेल तर तो उत्तर काठावर आहे.

म्हणून धरणाच्या उत्तर टोकाला हॉकहोप नावाचं पार्किंग आहे, तिथे गाडी लावा. तिथून थेट उत्तर काठाने निघा, पाणी कायम डाव्या हाताला. अशाने जो भाग निर्मनुष्य आहे तो ताज्या पायांनी होतो, इथला नेहमीचा पश्चिमेचा वारा पहिल्या अर्ध्यात तोंडावर येतो आणि परतताना पाठीशी. निम्म्यावर कील्डर गाव येतं, तिथे पोटभर जेवायचं. पुढचा दक्षिण काठ दमलेल्या माणसाला सोयीचा: मधे लीपलिशला थांबता येतं, शेवटी टॉवर नोला थांबता येतं, आणि अगदीच कोणी थकलं तर नवऱ्याने पुढे जाऊन गाडी आणायची, रस्ता शेजारीच आहे. उलट दिशेने गेलात तर सगळे थांबे आधी संपतात आणि दमल्यावर नेमका तो भाग येतो जिथून बाहेर पडायला जागा नाही. म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला घेऊन तसं कधीच जाऊ नये.

चढांबद्दल स्पष्ट सांगते. एकही चढ मोठा नाही, पण सपाटीही जवळजवळ नाही. प्रत्येक ओढ्याशी उतरायचं, छोटा पूल ओलांडायचा आणि पलीकडे तेवढंच चढायचं, हे दिवसभर चालू राहतं. काही चढ आखूड पण उभे आहेत, तिथे बाबांनी खुशाल उतरून सायकल हातात धरावी, मीही धरते. सायकल चालवायचे पाच तास आणि थांबायचे दोन-अडीच, असा हिशेब ठेव. जूनमध्ये इकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, अंधाराची धास्ती नाही.

उत्तर काठावर काय बघायचं ते आता. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी सिट्का स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची उंच रांग, मग अचानक मोकळं. काही ठिकाणी तोडणी झालेली असते, तर काही ठिकाणी नोव्हेंबर २०२१ च्या अर्वेन वादळाने झाडं आडवी केली होती आणि आता तिथे नवी लागवड आहे. पुष्कळांना ते उघडं रान बघून वाईट वाटतं. पण कील्डरचं हे जंगल मुळात १९२६ पासून लाकडासाठीच लावलेलं आहे, ते तोडलं जाणार आणि पुन्हा लावलं जाणार. शिवाय त्या मोकळ्या जागांतूनच पाणी खरं दिसतं.

वाटेवर एक भलंमोठं लाकडी डोकं येतं, सिल्व्हास कॅपिटालिस त्याचं नाव. तोंडातून आत शिरायचं, वर चढायचं आणि त्याच्या डोळ्यांतून तळं बघायचं. मुलगा तिथून लवकर निघणार नाही, वेळ धरून चल. तसंच काठावर बेल्व्हेडिअर नावाचा चकचकीत पोलादाचा त्रिकोणी निवारा आहे, १९९९ सालचा. आत वाकडी आरशासारखी भिंत आणि बसायला जागा. पाऊस आला तर तिथे थांबता येतं, आणि पाऊस येतोच. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायला याहून चांगली जागा मला या देशात माहीत नाही.

खारींकडे लक्ष ठेवायला सांग मुलाला. इंग्लंडमधल्या तांबड्या खारींपैकी निम्म्याच्या आसपास या जंगलात आहेत, बाकी देशभर करड्या खारींनी त्यांना हुसकावलं. सकाळी आपण गप्प असलो तर वाटेवरच भेटतात. आणि पाण्यावर मोठा पांढऱ्या पोटाचा पक्षी घिरट्या घालताना दिसला तर तो ऑस्प्रे, मासे धरणारा. २००९ पासून कील्डरला घरटी करायला लागलाय, त्याआधी नॉर्थंबरलँडमध्ये शतक-दोन शतकं त्याची वीण नव्हती.

टायर: ४० मिलिमीटरचे असले तर उत्तम, ३५ लाही चालेल, फक्त हवा रस्त्यावर ठेवता त्याहून कमी भरा. मुलाची माउंटन बाईक तर ठीकच. ग्रॅव्हल बाईक असलीच पाहिजे असं मुळीच नाही, बाबांना सरळ हँडलची आरामशीर सायकल द्या. एक जादा ट्यूब, पंप, आणि ब्रेक पॅड निघण्याआधी बघून घ्या. ओली खडी ब्रेक पॅड फार लवकर खाते.

मोबाइलला उत्तर काठावर रेंज जवळजवळ नसते. नकाशा फोनमध्ये उतरवून घे आणि शिवाय कागदी घे, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याचा, ओएल ४२ क्रमांकाचा. पेट्रोल बेलिंजमलाच भरून घ्या.

आणि मिजेस. चिलटांहून बारीक किडे, पण चावतात. जून ते सप्टेंबर, वारा पडला की संध्याकाळी ढगासारखे येतात. सायकल चालू असेपर्यंत काही होत नाही, थांबलं की धरतात. अंगाला लावायचं औषध पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेव.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं लिहिते, ते असं घाईत लिहायचं नाही.

निनाद_ग्लासगो

सुलभाताईंनी कील्डरचं सगळं सांगितलंच आहे. कधी स्कॉटलंडला आलात तर लॉख कॅट्रिन (लॉख म्हणजे इकडे तळं) लक्षात ठेवा. उत्तर काठाने ट्रोसॅक्स पिअर ते स्ट्रोनॅकलॅकर असा १३ मैलांचा रस्ता आहे. पाणीखात्याच्या आणि तिथे राहणाऱ्यांच्या मोजक्या गाड्या सोडल्या तर रिकामा. डांबरी आहे, त्यामुळे खडीचं सुख नाही, पण वयस्क माणसाला सोपा. पलीकडच्या काठाने सलग वाट नाही, म्हणजे पूर्ण फेरा होत नाही. लोक एका बाजूला बोटीने सायकली घेऊन जातात आणि सायकलवर परत येतात. बोटीत सायकलींची जागा आधी राखून ठेवावी लागते. १८५९ पासून ग्लासगोला पाणी याच तळ्यातून येतं, माझ्या नळालाही.

खरी खडी हवी असेल तर तिथून जवळ अ‍ॅबरफॉइल आहे, जंगलातल्या वाटांचं जाळं. इकडे २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागलं तर बहुतेक सगळ्या रानवाटांवर सायकल नेता येते, त्यामुळे ही वाट चालेल का ती चालेल का असा घोर नसतो.

ऋतुजा_लीड्स

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रसाद, बाबा आले की आधी डर्वेंटला जाऊन येतो आम्ही. निनाद, लॉख कॅट्रिन नवऱ्याने लगेच यादीत घातलं.

सुलभाताई, तुमचं उत्तर मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. उत्तर काठ म्हटल्यावर ते खूश. दशम्या आपण स्वतः करणार म्हणाले. दोन गोष्टी अजून विचारते. एक, नवरा म्हणतो बाबांसाठी ई-सायकल भाड्याने घेऊ. बाबा म्हणतात मोटार लावायची तर सायकल कशाला. तुमचं मत काय? मुलालाही ई-सायकल हवीय. दुसरं, घोडे. मला घोड्यांची भीती वाटते, त्यांच्या शेजारून सायकल कशी न्यायची?

आणि बाबांचा प्रश्न राहिलाय. रोज विचारतात.

सुलभा_हेक्सहॅम

आधी बाबांचं.

त्यांना सांग, धरणच आहे. नॉर्थ टाइन नदीवरचं. मातीचा बांध, ५२ मीटर उंच, लांबी किलोमीटरहून थोडी जास्त. १९७५ ला काम सुरू झालं आणि मे १९८२ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते उद्घाटन. माणसाने केलेल्या तळ्यांमध्ये ब्रिटनमध्ये सगळ्यांत जास्त पाणी यात मावतं, २०० अब्ज लिटर. बाबांना टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांग, म्हणजे लगेच कळेल: साधारण ७ टीएमसी. पानशेतहून कमी. कोयना १०५. मी हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासून बघितला, कारण काठावर उभं राहिलं की तळं फार मोठं वाटतं. वीजही होते, पण ६ मेगावॅट. कोयनेच्या १,९६० मेगावॅटची सवय असलेल्या माणसाला ती कमीच वाटेल.

कशासाठी बांधलं, तर टीसाइडच्या पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांना पाणी लागणार म्हणून. कारखाने अपेक्षेइतके वाढले नाहीत, पुढे उलट आटले. पाणी मात्र वाया गेलं नाही. धरणातून टाइनमध्ये सोडायचं, खाली रायडिंग मिल गावाशी उपसायचं आणि बोगद्यातून वेअर आणि टीस या दक्षिणेच्या नद्यांना द्यायचं, अशी योजना आहे. म्हणजे नदीजोडच. ईशान्य इंग्लंडला कोरड्या वर्षांत जो दिलासा मिळतो तो यामुळे.

आणि खाली काय गेलं. खोऱ्यातली शेतं, शेतघरं, आणि रेल्वे. हेक्सहॅमहून, म्हणजे माझ्या गावातून, नॉर्थ टाइनच्या काठाने स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत आगगाडी जायची, बॉर्डर काउंटीज रेल्वे. प्रवासी गाडी १९५६ ला बंद झाली, मालगाडी त्यानंतर दोन वर्षांनी. उत्तर काठाला प्लॅशेट्स नावाची कोळशाच्या खाणीची वस्ती होती, तिचं स्टेशन आज पाण्याखाली आहे. खाणीकडून स्टेशनाकडे कोळसा उतरवायची सरळ उतरंड अजून रानात ओळखू येते. तुम्ही उत्तर काठाने जाल तेव्हा त्या वस्तीच्या अंगावरूनच जाल. तिथे बाबांना थांबू दे, घाई करू नका. कोयनाकाठचा माणूस आहे, त्याला तिथे जे दिसेल ते आपल्याला दिसणार नाही.

पाण्याने एक गोष्ट सोडली, ती तळ्याच्या वरच्या टोकाला, बेकेथिनजवळ. १८६२ चा रेल्वेपूल, सात कमानी, वर किल्ल्यासारखे कंगोरे. पूल नदीला काटकोनात नाही, तिरपा आहे. त्यामुळे कमानींचा एकेक दगड वेगळ्या मापाने घडवावा लागला. रूळ गेले, पूल राहिला, आणि लेकसाइड वे त्याच्यावरून जाते. सायकलवरून उतरा आणि काठाकडून कमानी खालून बघा. बेकेथिनला एक छोटा आडवा बांधही आहे. मुख्य तळ्याचं पाणी उतरलं तरी वरच्या टोकाला चिखल उघडा पडू नये, पाणपक्ष्यांना जागा राहावी म्हणून तो घातला. असा विचार धरण बांधतानाच झाला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता ई-सायकल. मी बाबांच्या बाजूने नाही. ४२ किलोमीटर खडीवर चढ-उतारांचे, तेही कराडच्या सपाट रस्त्यांची सवय असलेल्या पायांना. डर्वेंटला ते कसे राहतात ते आधी बघ. सोळा किलोमीटरनंतर त्यांना अजून फिरावंसं वाटत असेल तर साधी सायकल. गुडघे कुरकुरले तर ई-सायकल, आणि त्यांना सांग की मोटार फक्त पायडल मारलं तरच मदत करते, ताशी २५ किलोमीटरच्या पुढे तीही थांबते. पायडल मारणारा माणूस तोच. सायकली भाड्याने घ्यायच्या तर आठवडाभर आधी फोन करून मापं सांगून ठेवा, जूनमध्ये जाऊन उभं राहून मिळतील असं धरू नका. मुलाचं मात्र जमणार नाही, या देशात ई-सायकलला वयाची अट १४ आहे.

पूर्ण फेरा नकोच असं त्या दिवशी सकाळी वाटलं तर एक पर्याय आहे. नवऱ्याने तुम्हा तिघांना हॉकहोपला सोडायचं आणि गाडी घेऊन कील्डर गावात जायचं. तिथून तो सायकलवर तुमच्याकडे उलटा येईल, मधे कुठेतरी भेटेल, आणि सगळे मिळून गावात. म्हणजे उत्तर काठ पूर्ण होतो आणि दक्षिण काठ सुटतो. याच्या उलटा पर्याय, दक्षिण काठ करून उत्तर सोडायचा, मी सुचवणार नाही.

घोडे. भीती वाटून घेऊ नकोस, पद्धत सोपी आहे. मागून येत असशील तर लांबूनच माणसाच्या आवाजात हाक मार, "हॅलो, सायकल येतेय" इतकं इंग्रजीत पुरे. घंटी नको, घोड्याला कळत नाही कसला आवाज आहे ते. स्वार सांगेल तेव्हा हळू, लांबून पुढे जायचं. समोरून येत असेल तर थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. इंग्लंडमध्ये ज्या वाटा घोड्यांच्या म्हणून नोंदलेल्या आहेत तिथे १९६८ च्या कायद्यानेच सायकलवाल्याने घोड्याला आणि पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची आहे. मुलाला हे तूच दाखव, तो तुझं बघून शिकेल.

एक इशारा राहिला. लेकसाइड वेला अधूनमधून जंगलखात्याचे रुंद खडीचे रस्ते येऊन मिळतात. ग्रॅव्हलवाल्यांना ते फार खुणावतात. एप्रिलमध्ये डर्टी रीव्हर ही २०० किलोमीटरची ग्रॅव्हल सायकलफेरी भरते तीही याच जंगलात अशाच रस्त्यांवर. पण तिथे लाकडाचे ट्रक चालतात, वजनदार आणि थांबायला वेळ लागणारे. तोडणीचा फलक किंवा आडवी पट्टी दिसली तर मागे वळायचं, रविवार असला तरी. या खेपेला बाबांबरोबर असताना वाट सोडूच नका. ते रस्ते तू आणि नवरा पुन्हा कधी दोघेच या तेव्हा.

प्रसाद_शेफील्ड

सुलभाताई, पानशेतहून कमी हे वाचून मीही आकडेमोड करून बघितली. बरोबर आहे! ऋतुजा, मला एकच विचारायचंय, रात्रीचं राहणार की त्याच दिवशी परत? सहा तास गाडी आणि वर ४२ किलोमीटर सायकल, नवऱ्याचा विचार करा.

ऋतुजा_लीड्स

राहायचंच ठरतंय आता. बाबांनी तारे बघायचे म्हटलंय. सुलभाताई, जूनमध्ये दिसतील का?

सुलभा_हेक्सहॅम

प्रसाद बरोबर बोलतोय, मुक्काम कराच. आदल्या रात्री पोहोचा, म्हणजे सकाळी साडेआठला चाकं फिरायला लागतील आणि खारी दिसतील.

तारे जूनमध्ये कमी. कील्डरचं आकाश फार काळं आहे, २०१३ मध्ये नॉर्थंबरलँड राष्ट्रीय उद्यानासकट त्याला डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, वेधशाळाही आहे. पण जूनमध्ये इतक्या उत्तरेला रात्र पुरती काळी होतच नाही, उत्तरेकडचं क्षितिज रात्रभर उजळ राहतं. ठळक तारे दिसतील, आकाशगंगेची आशा धरू नका. त्यासाठी बाबांना पुढच्या वेळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोलव.

राहायला जागा कील्डर गावात, लीपलिशला किंवा बेलिंजमला बघ. शनिवार-रविवारच्या लवकर भरतात, तारीख ठरली की लगेच नोंदव. कॅफेच्या वेळाही आदल्या दिवशी फोन करून विचार आणि त्या गृहीत धरून डबा कमी करू नकोस.

तारीख इथे टाक. मला रजा असली तर मी सकाळी हॉकहोपला येऊन थांबते. बाबांसोबत उत्तर काठ करायला मला फार आवडेल, प्लॅशेट्सची उतरंड कुठून दिसते तेही दाखवीन. दशम्या माझ्यासाठी दोन जास्त करायला सांग.